माळावरचा डोंबारी

फाल्गुन सरत आला म्हणजे नागपुराहून काटोलच्या रस्त्यानें दोन-तीन कोस बाहेर पडावें. शहराचा गलबला मागें राहतो आणि मुरमाड, चढउताराचा, पिवळ्या पडलेल्या कुसळी गवताचा माळ लागतो. पळसाचीं चार झाडें, बोरीचीं कांहीं झुडपें आणि मधून मधून उघडे पडलेले काळे खडक, याखेरीज नवख्या माणसाला तेथें कांहींच दिसत नाहीं. तोंच एखाद्या ढेंकळाआडून चिमणीहूनही लहान असें एक पांखरूं उठतें, पंखांची जलद फडफड करीत सरळ आकाशांत चढूं लागतें, शंभरेक फूट उंचीवर पोंचतांच पंख अंगाशीं आवळून धोंड्यासारखें खालीं येतें; आतां तें जमिनीवर आपटणार असें वाटावें इतक्यांत तोंड वर करून त्याच वेगाच्या बळावर पुन्हां उसळतें, पुन्हां कोसळतें, पुन्हां उसळतें. प्रत्येक झेपेबरोबर एक लांबलेली गोड शीळ कानांवर येते. अशा पांच-सात कोलांट्या झाल्या म्हणजे तें एखाद्या ढेंकळावर उतरतें, आणि पाहणाऱ्याची नजर किंचित् हलली कीं माळांत विरून जातें.

मराठी मुलखांत या पांखराला डोंबारी किंवा डोंबारी चंडोल म्हणतात. हें नांव कोणा पंडिताचें दिसत नाहीं. गुरें-मेंढ्या घेऊन दिवसचे दिवस माळावर काढणाऱ्या माणसांनीं तें दिलेलें असावें. आणि तें इतकें नेमकें आहे कीं, ज्यानें एकदां गांवच्या चावडीपुढें ढोलकीच्या तालावर बांबूवर चढणारा, दोरावरून चालणारा आणि उंचावरून स्वतःला झोंकून देणारा डोंबारी पाहिला असेल, त्याला दुसऱ्या वर्णनाची गरज लागूं नये. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत कसरतीचे खेळ करणाऱ्या कोल्हाट्यांचें ‘कबूतरी’ असेंही एक नांव नोंदलेलें आहे. तें उघडच कबुतरावरून आलेलें. माणसांनीं पांखराला डोंबारी म्हणावें आणि कसरत करणाऱ्या माणसांना कबूतरी म्हणावें, ही देवघेव मोठी मौजेची आहे. तिला आणखीही एक बाजू आहे. डोंबाऱ्यांचीं पालें पडत तीं गांवाबाहेरच्या अशाच माळांवर. जी जागा कोणाच्याच कामाची नाहीं असें गांव समजे, तेथें हे दोघेही उतरत. आणि ती जागा खरोखर कोणाच्या कामाची आहे, या प्रश्नाशीं या पांखराचा सारा इतिहास जखडलेला आहे.

शास्त्राच्या दप्तरांत त्याची पहिली नोंद झाली ती मात्र नागपुरापासून फार दूर, दक्षिणेंत. पिएर सोन्नेरा नांवाचा एक फ्रेंच निसर्गसंशोधक १७७४ ते १७८१ या काळांत पूर्वेकडील देशांत हिंडला आणि १७८२ सालीं त्यानें आपला प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत ‘जिंजीचा करडा चंडोल’ या नांवानें या पांखराचें वर्णन आलें आहे. जिंजी म्हणजे तीच, जेथें राजाराम महाराजांनीं मोंगलांच्या वेढ्यांत मराठ्यांचें राज्य तगवून धरलें आणि जी १६९८ सालीं पडली. पुढें १७५० पासून दहा-अकरा वर्षें तो किल्ला फ्रेंचांच्या ताब्यांत होता. मराठी वाचकाला जिंजी आठवते ती वेढ्यासाठीं. पक्षिशास्त्राला ती आठवते ती या पांच इंचांच्या पांखरासाठीं. चार वर्षांनीं, १७८६ सालीं, इटलींतील पाविया येथील प्राध्यापक स्कोपोली यांनीं सोन्नेराच्या वर्णनावरून त्याला ‘अलाउडा ग्रिसिया’, म्हणजे करडा चंडोल, असें लॅटिन नांव दिलें. स्कोपोलींनीं हिंदुस्थान कधीं पाहिला नव्हता; हें पांखरूं उडतांना पाहणें तर दूरच. पुढें टेमिंक या डच पंडितानें त्याची जाड, आंखूड चोंच पाहून त्याला चंडोलांतून काढून फिंच नांवाच्या दाणेखाऊ पांखरांत बसविलें, आणि ‘क्रूसधारी’ असें नांव ठेविलें. नराच्या गालांवरील, छातीवरील काळ्या पट्ट्यांत त्याला क्रूसाची आकृति दिसली असावी. अखेर १८३६ सालीं काउप या जर्मन शास्त्रज्ञानें या पांखरांसाठीं वेगळें कुल पाडलें आणि त्याला ग्रीक भाषेंतून ‘एरेमोप्टेरिक्स’ असें नांव दिलें. त्याचा अर्थ ‘ओसाडींतले पंख’ असा. तेंच नांव आजही चालतें. कातड्यावरून व चित्रावरून ठेवलेल्या या नांवांत त्याच्या कसरतीचा मागमूसही नाहीं. मात्र तें जेथें राहतें ती जागा ओसाड, एवढें शास्त्रानेंही नोंदवून ठेविलें.

पांखराचें रूप पाहण्यासारखें आहे. लांबी जेमतेम पांच इंच, वजन सुमारें दीड तोळा. नराचें माथें राखी, पाठ मातकट करडी, गाल पांढुरके. आणि डोळ्यांतून जाणारी पट्टी, हनुवटी, छाती व सारें पोट काजळासारखें काळें. मादी पाहावी तर साधी, मातकट, चिमणीच्या मादीसारखी. येथें विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. उघड्या रानांतील प्राण्यांचा रंग सामान्यतः वरून गडद व खालून फिका असतो, कारण उन्हानें पाठ उजळते, पोटाखालीं सावली पडते, आणि दोहोंचा मेळ बसून प्राण्याचा आकार डोळ्यांना नाहींसा होतो. हरिण पाहावें, ससा पाहावा. डोंबाऱ्यानें हा नियम उलटा केला आहे. तो वरून फिका आणि खालून काळा. जमिनीला चिकटून बसला म्हणजे काळा भाग झांकून जातो आणि वरून पाहणाऱ्या शिक्र्याला मातीशिवाय कांहीं दिसत नाहीं. पाय इतके आंखूड कीं चालतांना तो उंदरासारखा सरपटतो असा भास होतो. पण तोच आकाशांत चढला म्हणजे खालीं बसलेल्या मादीला उजळ आभाळावर एक काळा ठिपका वरखालीं नाचतांना दिसतो. एकाच अंगावर लपण्याचा आणि दिसण्याचा असे दोन वेष त्यानें बाळगले आहेत. मात्र हा दुसरा वेष उपयोगीं पडावयाचा तर खालून वर पाहणाऱ्याला आभाळ मोकळें मिळालें पाहिजे.

दख्खनच्या पांखरांकडे इंग्रजांचें पद्धतशीर लक्ष गेलें तें कर्नल विल्यम साइक्स यांच्यापासून. मुंबई सरकारनें त्यांना १८२४ सालीं दख्खनची आंकडेवार माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलें. जमीन, पीक, पाऊस, माणसें यांची मोजदाद करतां करतां त्यांनीं पांखरेंही टिपून घेतलीं, आणि १८३२ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या कार्यवृत्तांत त्यांची यादी छापली. त्या यादींत एका लहान, तांबूस, तुरेवाल्या चंडोलाला लॅटिन नांव देतांना त्यांनीं ‘देवा’ हा शब्द योजिला. साइक्सचा हा चंडोल डोंबाऱ्याचा माळावरील शेजारी होय. तो भारताबाहेर जगांत कोठेंही आढळत नाहीं, आणि इतर पांखरांच्या आवाजांची नक्कल करण्यांत मोठा वाकबगार आहे. साइक्सनंतर जर्डन. हा लष्करी डॉक्टर १८४० च्या सुमारास जालन्याच्या छावणींत होता; त्याचा ‘बर्ड्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८६२ ते १८६४ या वर्षांत निघाला आणि साऱ्या देशांतील पांखरें प्रथमच एका ठिकाणीं आलीं. या मंडळींचें ज्ञान बंदुकीच्या नळींतून येत असे हें विसरतां येत नाहीं. हिंवाळ्यांत उत्तरेकडून येणाऱ्या आंखूडबोट्या चंडोलांचे थवेच्या थवे माळावर उतरत; ते तर साहेबांच्या टेबलावर ‘ऑर्टोलन’ या फ्रेंच नांवानें पक्वान्न म्हणून जात.

आतां नागपूर. हें शहर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर वसलेलें आहे. पश्चिमेकडे सह्याद्रीपासून पसरत आलेला काळा अग्निज खडक येथें संपतो; सिताबर्डीची टेंकडी ही त्याचीच. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने, निराळ्या जातीचे खडक सुरू होतात. ही सीमा प्रथम बारकाईनें तपासली ती स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानें. तो १८४५ सालीं नागपुरास आला, टाकळी येथील खडकांतून त्यानें जीवाश्म काढले, आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटची दगडांचीं वर्तुळें पाहून परततांना पुराच्या पाण्यांत बुडून मरण पावला. त्याच्यामागून भूशास्त्र खात्याच्या ब्लॅनफर्ड यांनीं १८७२ सालीं नागपूर व त्याच्या आसपासच्या भूस्तरांवर विवेचन प्रसिद्ध केलें. हे ब्लॅनफर्ड पक्षिशास्त्रांतही तितकेच मोठे. माळ कोठें आहे आणि तो तेथेंच कां आहे, याचें उत्तर या भूस्तरांत सांपडतें. काळ्या खडकाच्या सपाट माथ्यावर आणि उतारांवर मातीचा थर वीतभरही नसतो. पावसाचें पाणी मुरमांतून निघून जातें. तेथें गवत टिकतें, झाड खुरटतें. तीच माती शतकानुशतकें धुपून खालच्या सखल भागांत सांठली, ती कापसाची काळी जमीन. माथ्यावर गवत, पायथ्याशीं कापूस, अशी ही वांटणी निसर्गानेंच करून ठेवलेली होती.

ती मोडली माणसानें, आणि तिचें वर्षही जवळ जवळ सांगतां येतें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. चांगली काळी जमीन पुरेनाशी झाली तेव्हां नांगर हलक्या जमिनीवरही चढला. या काळांत मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कापसाची व्यवस्था पाहण्यास एक खास अधिकारी नेमलेला होता, त्याचें नांव रिव्हेट-कार्नॅक. आणि योगायोग असा कीं, काटोल रस्त्यावरील जूनापाणी येथें तीनशेंच्या आसपास दगडी वर्तुळें माळावर पडलेलीं आहेत, त्यांतलीं कांहीं १८६७ च्या सुमारास प्रथम उकरून पाहिलीं तीं याच अधिकाऱ्यानें. ज्याच्या खात्यानें माळाला नांगराची वाट दाखविली, त्यानेंच माळाचें वय जगाला दाखविलें.

कारण तीं वर्तुळें सुमारें अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वींच्या, लोखंड वापरणाऱ्या लोकांचीं दफनें आहेत. विसाव्या शतकांत जवळच माहुरझरी येथें डॉ. शां. भा. देव यांनीं जें उत्खनन केलें, त्यांत घोड्याच्या अवशेषांबरोबर त्याचा तांब्याचा साजही मिळाला. मेल्यावर घोडा बरोबर नेणारे लोक जिवंतपणीं गवतावर जगत असले पाहिजेत; आणि दाट झाडींत कोणी शेंकड्यांनीं दगडांचीं वर्तुळें घालीत बसलें नसतें. हा तर्कच आहे, पण तो एकटा नाहीं. आशीष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या संशोधकांनीं २०२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत जुन्या मराठी वाङ्मयांतील झाडांचे व रानांचे उल्लेख वेंचून काढले. त्यांवरून पश्चिम महाराष्ट्रांतील माळरानें निदान साडेसातशें वर्षांचीं तरी आहेत असें त्यांनीं दाखविलें. पाहिलेल्या वाङ्मयांत महानुभावांचें साहित्यही होतें. माळ म्हणजे तोडलेलें जंगल, ही समजूत शाळेच्या पुस्तकांतून आपल्या घरांत इतकी मुरलेली आहे कीं, गवत हें गवत म्हणूनच जुनें असूं शकतें हें पटावयास वेळ लागतो. पांखराचें अंग मात्र पहिल्यापासून हेंच सांगत आलें आहे. आंखूड पाय, मातीची पाठ, आभाळावर उठून दिसणारें काळें पोट. हीं लक्षणें शे-दोनशें वर्षांत उगवत नाहींत.

नागपुरांत सर रिचर्ड टेंपल यांच्या पुढाकारानें १८६३ सालीं संग्रहालय निघालें. लोक त्याला अजबबंगला म्हणतात. या संग्रहालयाचे क्युरेटर ई. ए. डी’अब्रू यांनीं प्रांतांतील पांखरांची यादी १९३५ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत छापली. यादी म्हणजे रुक्ष गोष्ट खरी. पण कोणतें पांखरूं कोणत्या जिल्ह्यांत होतें हें पुढें कोणाला सांगावयाचें झालें, तर तिच्याशिवाय चालत नाहीं. कागद गेले म्हणजे काय होतें तें ॲलन ह्यूम यांच्या कथेवरून दिसेल. काँग्रेसचे संस्थापक म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्याआधीं पंचवीस वर्षें त्यांचा ध्यास पांखरांचा होता. १८७३ सालीं त्यांनीं भारतीय पांखरांचीं घरटीं व अंडीं यांवर ग्रंथ काढला. पुढें सर्व पांखरांच्या महाग्रंथासाठीं त्यांनीं जमविलेले हस्तलिखित कागद सिमल्यांत एका नोकरानें रद्दीच्या भावानें बाजारांत विकून टाकले. ह्यूम यांनीं १८८५ सालीं आपला सारा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईंत काँग्रेस भरली. रद्दीवाल्याचा राजकारणावर एवढा परिणाम क्वचितच झाला असेल. सुदैवानें घरट्यांचा ग्रंथ त्याआधींच छापलेला होता. १९४१ सालीं सालिम अली यांचें भारतीय पांखरांवरील पुस्तक निघालें आणि डोंबारी सुशिक्षित कुटुंबांच्या पुस्तकांच्या कपाटांत येऊन बसला. मराठींत पांखरांचीं लोकांतील नांवें जमविण्याचें मोठें काम मारुती चितमपल्ली यांनीं केलें. वनखात्यांतील हा अधिकारी सेवानिवृत्तीनंतर अनेक वर्षें नागपुरांत राहिला. २०२५ च्या जूनमध्यें सोलापुरास त्यांचें निधन झालें.

घरट्याविषयीं सांगावयाचें तर, तें घरटें आहे असें दाखविल्याशिवाय कळत नाहीं. ढेंकळाच्या किंवा गवताच्या बुंध्याच्या आडोशाला जमिनींत एक उथळ खळगा. पुष्कळदां तर पावसाळ्यांत गाईबैलांचा पाय रुतून वाळलेली खुराची खूणच. आंत बारीक गवत, मुळ्या, केंस यांची गादी, आणि कांठावर बारीक खड्यांची मांडणी. हे खडे कशासाठीं याविषयीं पंडितांचे तर्क आहेत. माती आंत ढांसळूं नये हा त्यांतला साधा तर्क. अंडीं दोन, क्वचित् तीन, पिंवळसर व तपकिरी ठिपक्यांचीं. नर आणि मादी आळीपाळीनें बसतात. वैशाखांत नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. उघड्या मुरमावर अंडें ऊब देऊन वांचवावयाचें नसतें, तर थंड ठेवून वांचवावयाचें असतें. भर दुपारीं आईबाप पांखरें चोंच उघडी टाकून, अंग किंचित् उचलून अंड्यांवर सावली धरून उभीं राहतात. ज्या वेळीं शहरांत वाळ्याचे पडदे भिजवून माणसें आंत पडलेलीं असतात, त्या वेळीं दीड तोळ्याचें हें पांखरूं स्वतःच्या अंगाचा मांडव करून उभें असतें. मोठीं पांखरें गवताचें बीं व किडे खातात. पिलांना मुख्यतः किडेच भरवितात. नाकतोड्यांनीं भरलेलें गवत म्हणजे त्यांचें धान्याचें कोठार. हंगाम संपला म्हणजे जोड्या मोडून थवे होतात, आणि हिंवाळ्यांत पऱ्हाटीच्या रिकाम्या वावरांतून पन्नास-पन्नास पांखरें एकदम उठतांना दिसतात.

शेताचें आणि याचें वैर नाहीं. नांगरलेलें ढेंकूळ, पडीत टाकलेला तुकडा, बैलगाडीचा धुळीचा रस्ता, हें सारें त्याला चालतें. मेंढरांचें चरणेंही बेताचें असेल तर हवेंच असतें, कारण गवत छातीपर्यंत वाढलें तर या आंखूड पायांना चालवत नाहीं. त्याला चालत नाहीं तें झाड. झाडावर घुबड बसतें, कावळा बसतो, शिक्रा बसतो. उंचावरून खालीं पाहणाऱ्याला मग मातीच्या पाठीचा व अंड्यांचा पत्ता लागावयास वेळ लागत नाहीं. शिवाय झाडीच्या छपराखालीं कोलांट्या कोणासाठीं घ्यावयाच्या? ज्या माळावर झाडें दाट झालीं तेथून हा आपण होऊन निघून जातो. कोणी त्याला मारीत नाहीं, कोणी पकडीत नाहीं. तो दिसेनासा होतो एवढेंच.

आणि येथेंच सरकारी कागदांचा विषय येतो. जुन्या मध्यप्रांतांत गांवच्या जमिनीचे वर्ग पाडतांना बिनपिकाच्या रानाला नांवें दिलीं गेलीं तीं अशीं: मोठ्या झाडांचें जंगल, छोट्या झाडांचें जंगल, आणि झुडपी जंगल. म्हणजे मोजावयाचें माप झाड हेंच. ज्या रानांत झाड नव्हतें तें ‘झुडपी’. ज्यांत झुडूपही नव्हतें तें ‘पडीत’. गवताला आपल्या नांवानें रकाना मिळाला तो क्वचित्, कुरण म्हणून. मालगुजारी १९५०-५१ सालीं नाहींशी झाली तेव्हां गांवोगांवच्या या जमिनी सरकारांत आल्या आणि गुरचरण, सरपण, मुरूम अशा गांवकीच्या हक्कांसाठीं निस्तार-पत्रकांत लिहिल्या गेल्या. नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशांतून विदर्भ १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला. ‘झुडपी जंगल’ हा शब्दही तसाच बरोबर आला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत अशा जमिनीचे हजारों तुकडे विखुरलेले आहेत. हें जंगल आहे कीं नाहीं? महसूल खातें म्हणे, नाहीं. १९८० चा वनसंवर्धन कायदा आल्यावर वनखातें म्हणे, आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें वन या शब्दाचा अर्थ व्यापक केला तेव्हां घोटाळा अधिकच वाढला, कारण तोंवर पुष्कळ तुकड्यांवर घरें, शाळा, दफनभूमि, कचेऱ्या उभ्या राहिल्या होत्या. अखेर २२ मे २०२५ रोजीं सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानें निर्णय दिला कीं, झुडपी जंगल हें वनच समजावें, आणि १९९६ च्या आधीं झालेल्या वापराला ठराविक रीतीनें मोकळीक द्यावी. प्रश्न सुमारें ८६ हजार हेक्टर जमिनीचा होता.

पांखराच्या दृष्टीनें या निकालाला दोन धारा आहेत. जमीन वन ठरली म्हणजे तिच्यावर ले-आउट पडत नाहीं, ही एक. वर्धा रस्त्यावर मिहानसाठीं गेलेले माळ, वळणरस्त्यांच्या कडेनें आंखलेले चुन्याचे चौकोन, उमरेडकडील कोळशाच्या खाणी ज्यानें पाहिल्या आहेत, त्याला या धारेचें मोल सांगावयास नको. दुसरी धार अशी कीं, वन म्हटलें म्हणजे तेथें झाडें असलीं पाहिजेत, नसलीं तर लावलीं पाहिजेत, असें आपल्या लोकांचें व कचेऱ्यांचें दोघांचेंही मन घेतें. महाराष्ट्र शासनानें २०१६ सालीं दोन कोटी झाडें लावण्याचा संकल्प सोडला आणि २०१९ पर्यंत तो आंकडा वर्षाला तेहतीस कोटींवर नेला. इतके खड्डे घेण्यास जागा कोठें मिळणार? पिकाखालच्या शेतांत नाहीं, उभ्या जंगलांत नाहीं. जेथें ‘कांहींच नाहीं’ तेथें.

डोंबारी नष्ट होत चालला आहे असें मात्र कोणी समजूं नये. तो आजही साध्या, नेहमीं दिसणाऱ्या पांखरांत मोडतो, आणि त्याच्या नांवानें ओरड करणें खोटेपणाचें होईल. पण त्याचे माळावरील थोरले भाऊ पाहावे. वरोरा-भद्रावतीच्या बाजूस गेल्या पिढीपर्यंत माळढोक दिसत असे. तेंही पांखरूं उघड्या गवताचेंच. २०२३ सालीं भारतीय पांखरांच्या स्थितीविषयीं जो अहवाल निघाला त्यांत ९४२ जातींचा विचार केलेला आहे, आणि मोकळ्या व गवताळ रानांतील पांखरांची घट त्यांत विशेष ठळकपणें दिसून आली. मोठें पांखरूं आधीं जातें, कारण त्याला जागा अधिक लागते. लहानग्याला एवढासा तुकडाही पुरतो, म्हणून तो मागें राहतो आणि माळ अजून आहे अशी समजूत टिकून राहते.

वृक्षलागवडीचे खड्डे उन्हाळ्यांत, पावसाच्या आधीं खणून ठेवतात. माळावर दोरी धरून ओळी आंखतात, आणि प्रत्येक खड्ड्याशेजारीं ताज्या मुरमाचा एक छोटा ढीग पडतो. हे ढीग ढेंकळांहून उंच असतात. वैशाखाच्या सकाळीं अशा ढिगावर नर येऊन बसतो, तेथूनच उडतो, आभाळांत कोलांट्या घेतो आणि शीळ घालीत पुन्हां त्याच ढिगावर उतरतो. पहिलीं एक-दोन वर्षें हें असें चालतें. रोपें गुडघ्याएवढीं असतात तोंवर त्याला तीं गवतासारखींच. तीं पुरुषभर उंच झालीं म्हणजे त्या जागेवर बुलबुल, मैना आणि कावळे येतात.